लेकीचं हिमोग्लोबिन 8.4 आलंय, औषध बंद केलं तर चालेल का?

एका आईचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगते. मुलगी 10 महिन्यांची. दिवस भरून जन्मली, तेव्हा वजन 2.9 किलो, आता 7.8 किलो. हिमोग्लोबिन 8.4, एमसीव्ही 64, आरबीसी 4.1, आरडीडब्ल्यू 19, फेरिटिन 6. अंगावरचं दूध चालू आहे. शिवाय सहाव्या महिन्यापासून बाटलीने गायीचं दूध, दिवसाला 600 मिलीच्या आसपास. खाण्यात डाळीचं पाणी आणि नाचणीचं सत्त्व. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले, ‘रोज 10 थेंब’ असं आईला आठवतं. सहाव्या दिवशी बाळाला काळी शी झाली, सासूबाई म्हणाल्या औषध उष्ण पडलं, आणि ते बंद झालं. आता आई विचारते आहे: बीट, डाळिंब, गूळ देऊन भागेल का? गरोदरपणात माझंच हिमोग्लोबिन 9 होतं, म्हणून हे झालं का? ती रडता रडता श्वास कोंडून निळी पडते, त्याचा याच्याशी संबंध आहे का? बुद्धीवर परिणाम होईल का? रक्त चढवावं लागेल का?

ताई, आज संध्याकाळी औषध पुन्हा सुरू करा. बाकीचं त्यानंतर सावकाश वाचलंत तरी चालेल.

काळ्या शीचं आधी सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बाळांची निम्मी औषधं तिथेच थांबतात. दिलेल्या लोहापैकी थोडंच शोषलं जातं, उरलेलं शीतून बाहेर पडतं आणि तिला काळा किंवा गडद हिरवा रंग येतो. औषध पोटात जातंय याची ती खूण आहे. घाबरायचं ते डांबरासारख्या चिकट, घाण वासाच्या काळ्या शीला किंवा लाल रक्ताला. तसं दिसलं तर लंगोट तसाच डॉक्टरांकडे घेऊन जा.

‘उष्ण पडलं’ हे मी 26 वर्षं ऐकते आहे आणि ते म्हणणाऱ्या आजींवर मी कधी चिडले नाही. लोहाने काही बाळांना मळमळतं, पोट दुखतं, शी घट्ट होते. आजींनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण त्यावर इलाज औषध थांबवण्याचा नाही, देण्याची पद्धत बदलण्याचा आहे. सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत घेऊन जा. बाळाची खालची पापणी ओढून आतला रंग त्यांना दाखवा, शेजारी तुमचा किंवा डॉक्टरांचा तळहात धरून बाळाचा फिकट तळवा दाखवा. रिपोर्टातल्या आकड्याने आजी हलत नाहीत, पण नातीचा पांढुरका तळवा पाहिला की औषधाची वेळ त्याच सांभाळू लागतात. हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आता मात्रा. लोहाचं औषध थेंबांत, चमच्यांत किंवा ड्रॉपरात मोजू नका, मिलिग्रॅममध्ये मोजा. उपचाराची मात्रा बाळाच्या वजनाच्या दर किलोला रोज 3 मिलिग्रॅम मूळ लोह अशी धरतात. काही डॉक्टर परिस्थिती पाहून त्याहून जास्त देतात. तुमच्या लेकीच्या 7.8 किलोला हे झालं साधारण 24 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. बाटलीवर क्षाराचं, म्हणजे लोह ज्या रसायनाच्या रूपात घातलंय त्याचं, लांबलचक नाव असतं आणि जवळच ‘एलिमेंटल आयर्न’ म्हणजे मूळ लोहाचा आकडा असतो. आपल्याला तो आकडा हवा. बाजारात काही थेंबांच्या 1 मिलीत 10 मिलिग्रॅम लोह असतं, काहींत 25. सिरपच्या 5 मिलीत 30 मिलिग्रॅमही असतं. समजा तुमची बाटली 1 मिलीला 10 मिलिग्रॅमची आहे. साधारण 20 थेंबांचा 1 मिली होतो, म्हणजे 10 थेंबांत जेमतेम 5 मिलिग्रॅम गेलं. गरज 24 ची आणि जातंय 5. ‘एक मिली’ ऐकताना ‘दहा थेंब’ ऐकू आलं असेल, किंवा आधीची बाटली वेगळ्या ताकदीची असेल. दोष कोणाचा हे शोधत बसू नका. बाटलीचा फोटो आणि बाळाचं आजचं वजन तुमच्या डॉक्टरांना पाठवा आणि एवढंच विचारा: ‘रोज किती मिली?’ सुरुवातीच्या काळात मीही ‘रोज एक ड्रॉपर’ असं लिहून द्यायचे. कंपनी बदलली की ड्रॉपरही बदलतो, हे दोन-तीन बाळांचं हिमोग्लोबिन महिनाभर जागचं हललं नाही तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणारं लोहाचं सिरप वेगळं आहे, हेही इथेच सांगते. 2018 पासूनच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना ते आठवड्यातून दोनदा 1 मिली देतात. त्या 1 मिलीत 20 मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे आठवड्याला 40. तुमच्या लेकीला आता आठवड्याला 168 लागतंय. ते सिरप ॲनिमिया होऊ नये म्हणून आहे, आणि त्या कामासाठी उत्तम आहे. झालेला ॲनिमिया तेवढ्याने भरून येत नाही. उपचार चालू असेपर्यंत दोन्ही एकत्र देऊ नका. आशाताईंना तसं सांगून ठेवा.

द्यायचं कसं? दोन दुधांच्या मध्ये, गायीचं दूध पाजून निदान तासभर झाल्यावर. अंगावरच्या दुधासाठी एवढं काटेकोर राहायची गरज नाही. दुधात मिसळून अजिबात नको, दुधातलं कॅल्शियम लोहाला अडवतं. दोन चमचे मोसंबीच्या किंवा संत्र्याच्या रसासोबत दिलंत तर जास्त शोषलं जातं. बाळाला मांडीवर थोडं उंच धरून, बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. समोरच्या दातांवर पडलं की दात काळवंडतात. तो डाग वरवरचा असतो, ओल्या फडक्याने रोज पुसलं तर बसत नाही. उपाशी पोटी ओकत असेल तर दोन घास खिमट भरवून मग द्या. तेव्हा थोडं कमी शोषलं जाईल, पण ओकून पडण्यापेक्षा ते बरं. शी घट्ट झाली तर पपई, भिजवून कुस्करलेल्या मनुका आणि दिवसभरात थोडं थोडं पाणी. तरीही त्रास झाला तर डॉक्टर क्षार बदलून देतात. इथे एक सावधगिरी आहे. चवीला गोड आणि पोटाला सोसणारी काही लोहाची औषधं रक्त वाढवण्यात कमी पडतात. 2017 मध्ये लहान मुलांवर झालेल्या एका अमेरिकी चाचणीत साधं, जुनं, स्वस्त फेरस सल्फेट हे महागड्या पॉलिसॅकराइड लोहापेक्षा सरस ठरलं होतं. महाग म्हणजे चांगलं, हे या औषधाला लागू नाही.

तुमचा रिपोर्ट लोहाच्या कमतरतेचाच वाटतो. कसा, ते सांगते, म्हणजे पुढचा रिपोर्ट तुम्हाला स्वतःला वाचता येईल. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा आकार. 64 म्हणजे पेशी लहान राहिल्यात. आरडीडब्ल्यू 19 म्हणजे काही लहान, काही मोठ्या, आकारात मेळ नाही. फेरिटिन म्हणजे साठवलेलं लोह. या वयात ते 12 च्या खाली गेलं की साठा रिकामा समजतात, तुमच्याकडे 6 आहे. लहान पेशी थॅलेसेमिया मायनर या आईवडिलांकडून येणाऱ्या सौम्य रक्तदोषातही दिसतात, म्हणून आम्ही एक साधा भागाकार करतो: एमसीव्ही भागिले आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या. 64 भागिले 4.1 म्हणजे 15.6. उत्तर 13 च्या वर असलं की कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली असलं की थॅलेसेमियाची शंका. हा अंदाज आहे, निदान नव्हे. पूर्ण मात्रेत दोन महिने औषध देऊनही एमसीव्ही वर आला नाही, किंवा घरात कोणाला थॅलेसेमिया मायनर आहे, तर बाळाची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी तपासणी करून घ्या. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या कुटुंबांनी सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करून घ्यावी, तिथे तो मोठ्या प्रमाणात आहे. एक महत्त्वाचं: ताप, सर्दी, जुलाब चालू असताना फेरिटिन उगाच चढतं आणि साठा भरल्यासारखा दिसतो. तपासणीसाठी रक्त द्यायला बाळ बरं असताना जा.

बी-12 चं मात्र मी वेगळं विचारते. तुम्ही मांस-मच्छी, अंडी खात नसाल, दूध-दहीही बेताचं असेल, तर तुमच्या दुधातच बी-12 कमी पडतं. अशा बाळांचा ॲनिमिया वेगळा दिसतो. ती मंदावतात, हसणं कमी होतं, आधी बसणारं बाळ आता कलंडतं, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते, केस विरळ आणि भुरकट होतात, काहींचे हात थरथरतात. यातलं काही दिसत असेल तर एक दिवसही थांबू नका. बी-12 दिलं की ही बाळं आठवड्याच्या आत पुन्हा हसायला लागतात, आणि उशीर झाला तर मेंदूचं नुकसान राहून जातं. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-12 कमी असलं की मोठ्या, म्हणून दोन्ही कमतरता एकत्र असतील तर एमसीव्ही मधलाच कुठलातरी येतो आणि रिपोर्ट साधा वाटतो.

आता तुमच्या मनातल्या त्या प्रश्नाकडे येते: माझ्यामुळे झालं का?

पोटातलं बाळ नाळेतून स्वतःचं लोह आधी ओढून घेतं, आईला कमी पडलं तरी. आईचा ॲनिमिया तीव्र असेल तर बाळाचा साठा थोडा कमी भरतो, हे खरं. पण दिवस भरलेलं बाळ वजनाच्या दर किलोला साधारण 75 मिलिग्रॅम लोह घेऊन जन्मतं. तुमची लेक सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास घेऊन आली. जन्मली तेव्हा तिच्या अंगात पाव लिटरही रक्त नव्हतं. आज अर्ध्या लिटरहून जास्त आहे. एवढं नवं रक्त त्याच जुन्या शिदोरीवर तयार झालं, आणि ती शिदोरी 4 ते 6 महिने पुरते. आईच्या दुधात लोह मुळातच कमी असतं. जे असतं ते फार छान शोषलं जातं, पण सहा महिन्यांनंतर पुरत नाही. हे दूध निकृष्ट आहे म्हणून नाही. त्या वयात बाकीचं खाण्यातून यावं अशीच रचना आहे. तुम्ही हळिवाचे लाडू कितीही खाल्लेत तरी दुधातलं लोह वाढत नाही. ते लाडू तुमच्यासाठी आहेत, तुमचा साठा भरायला, आणि जरूर खा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली 5 वर्षांखालची 68.9 टक्के मुलं ॲनिमियाची निघाली. दहापैकी जवळपास सात. एवढ्या सगळ्या आयांनी काही चुकवलं, असं कोण म्हणेल?

मला तुमच्या घरात खरी अडचण दिसते ती बाटलीतल्या 600 मिली दुधाची आणि डाळीच्या पाण्याची. गायीच्या एक लिटर दुधात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, आणि तेही नीट शोषलं जात नाही. वर्षाच्या आतल्या काही बाळांच्या आतड्यातून या दुधाने डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होत राहतो. शिवाय पोट भरलेलं बाळ खाणार कसं? दुधावरची बाळं गुटगुटीत दिसतात, बाळसं धरतात, पाहुणे कौतुक करतात. 14 महिन्यांचा असाच एक मुलगा लसीसाठी माझ्याकडे आणला होता. दिवसाला लिटरभर दूध, गाल फुगलेले, ‘गोरापान आहे हो,’ असं आजी म्हणत होत्या. तो गोरा नव्हता, पांढरा पडला होता. हिमोग्लोबिन 5.6 निघालं.

तर वर्ष पूर्ण होईपर्यंत गायीचं, म्हशीचं, शेळीचं दूध प्यायला नको. खिमटात चमचाभर पडलं तर बिघडत नाही. अंगावर हवं तेवढं पाजा. तुमचं दूध खरोखर कमी पडत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह घातलेलं बाळाचं दूध, तेही वाटी-चमच्याने. वर्षानंतर वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. बाटली एकदम सुटत नाही. आधी दुपारची बंद करा, चार दिवसांनी सकाळची, रात्रीची सगळ्यात शेवटी. पहिले तीन-चार दिवस ती रडेल, कमी खाईल, आणि घरातलं कोणीतरी म्हणेलच, ‘दे गं एकदा.’ पाचव्या-सहाव्या दिवशी भूक लागते.

बीट, डाळिंब, गूळ यांनी भागेल का? हिशोब मांडू. तिचं हिमोग्लोबिन 8.4 वरून 11.5 पर्यंत न्यायचं, तर नुसत्या रक्तासाठी 60-65 मिलिग्रॅम लोह शरीरात मुरायला हवं. रिकामा साठा भरायचा तो वेगळा. शिवाय रोजच्या वाढीला मिलिग्रॅमभर लागतंच. डाळी, धान्य, भाज्या यांतलं लोह साधारण विसावा भाग शोषलं जातं, फार तर दहावा. म्हणजे बाळाने दिवसात 5 मिलिग्रॅमचं जेवण खाल्लं, आणि 10 महिन्यांच्या बाळासाठी ते खूप झालं, तरी अंगी लागणार पाव ते अर्धा मिलिग्रॅम. रोजचाच खर्च निघत नाही, कर्ज कुठून फिटणार? औषधातल्या 24 मिलिग्रॅमपैकी दहावा हिस्सा शोषला गेला तरी जवळपास अडीच होतात. म्हणून कर्ज औषधाने फेडायचं आणि पुन्हा कर्ज होऊ नये म्हणून खाणं सुधारायचं. बिटाचा रंग लाल आहे, पण 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. डाळिंबात त्याहून कमी. गुळात असतं, पण बाळाच्या चमचाभर गुळातून हाती काही लागत नाही आणि गोडाची सवय लागते. मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

खरं काम घट्ट अन्नाने होतं. आपल्याकडे उष्टावण थाटात होतं, चांदीची वाटी येते, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळ पुन्हा दूध आणि वरणाच्या पाण्यावर. लोह पाण्यात उतरत नाही, ते डाळीच्या गाळात राहतं. तळाची डाळ घोटून द्या. चमचा तिरका केला तरी टपकन सांडणार नाही इतकं दाट. या वयात दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी साधारण अर्धी वाटी. मसूर सगळ्यात सोपी: 100 ग्रॅम कोरड्या डाळीत 7 मिलिग्रॅमच्या आसपास लोह, पटकन शिजते, बाळाला पचते. मोड आलेल्या मटकीचं किंवा मुगाचं घोटलेलं कढण, कुळथाचं पातळसर पिठलं मऊ भातात कालवून, राजगिऱ्याची खीर, भाजून दळलेल्या डाळी-तांदळाचं खिमट. मोड आणल्याने, भाजल्याने, आंबवल्याने धान्यातला लोह अडवणारा अंश कमी होतो, म्हणून इडली-आंबोळीही चांगली. नाचणी चालू ठेवा, पण तिचा मोठा गुण कॅल्शियमचा आहे. लोहासाठी तिच्यावर विसंबू नका. आणि दर घासाला लिंबू! वरण-भात-तूप आणि वर लिंबाची फोड ही आपली पंगतीतली रीत बाळासाठी औषधासारखी आहे. क जीवनसत्त्व सोबत असलं की डाळीतलं लोह कितीतरी जास्त शोषलं जातं. आवळा, पेरूचा गर, टोमॅटो यांनीही ते साधतं. लोखंडी कढईत आंबट घालून शिजवलेली भाजी-आमटी घरातल्या सगळ्यांसाठीच चांगली.

घरी मांसाहार चालत असेल तर काम निम्मं सोपं होतं. मांसातलं लोह अनेक पटींनी सहज शोषलं जातं आणि सोबतच्या डाळ-भातातलंही ओढून आत नेतं. कोंबडीच्या 100 ग्रॅम कलेजीत 9 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. आठवड्यातून एक-दोनदा चांगली शिजवून, वाटून, दोन चमचे भातात कालवा. त्याहून जास्त नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. मटणाचा खिमा वाटून द्या. पायाच्या सुपाचं मात्र डाळीच्या पाण्यासारखंच आहे, लोह मांसात राहतं, पाण्यात नाही. अंडं प्रथिनांसाठी उत्तम, लोहासाठी बेताचं. आणि चहा नको. सकाळी आजोबांच्या बशीतला चहा-बिस्किटाचा घास लाडाचा असतो, मला कळतं, पण चहा त्या जेवणातलं लोह अडवतो. आजोबांनी तोच घास शिऱ्याचा नाही तर केळ्याचा भरवावा.

श्वास कोंडून निळी पडते त्याचा संबंध आहे. रागाने किंवा दुखलं म्हणून रडता रडता बाळ श्वास सोडून धरतं, निळं पडतं, क्षणभर सैल पडतं आणि मग पुन्हा श्वास घेतं. बघणाऱ्याचा जीव जातो. पण याने मेंदूला इजा होत नाही, आणि लोह भरून आल्यावर बऱ्याच मुलांमध्ये हे झटके कमी होतात किंवा थांबतात. त्या वेळी तिला कुशीवर आडवी ठेवा, हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. न रडता अचानक निळी पडली, किंवा मिनिटाहून जास्त वेळ गेला, तर ते वेगळं. तिला लगेच दाखवा. चिडचिड, रात्रीची तळमळ, माती चाटणं, भूक मरणं हे लोह कमी पडल्यानेही होतं. घरचे म्हणतात ‘हट्टी झालीय.’ ती हट्टी नाही. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांतच, गालावर रंग येण्याच्या कितीतरी आधी, बाळ शांत व्हायला लागतं आणि खायला तोंड उघडतं. त्या 14 महिन्यांच्या मुलाची आई चौथ्या दिवशी फोनवर रडत होती, कारण तो महिन्यांनंतर पहिल्यांदा खेळण्यातल्या गाडीमागे रांगला होता.

बुद्धीबद्दल खोटा धीर देणार नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिका देशातल्या बाळांचा ऐंशीच्या दशकापासून तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. बाळपणी लोहाची कमतरता दीर्घकाळ आणि तीव्र होती, अशी मुलं उपचारानंतरही शिकण्यात, हालचालींत काही अंशी मागे राहिली. म्हणूनच मी औषध आज संध्याकाळी सुरू करा म्हणते, पुढच्या सोमवारी नाही. पण तुमच्या लेकीची कमतरता दहाव्या महिन्यात सापडली, ती मध्यम आहे, आणि उपाय तुमच्या कपाटातच आहे. तिच्याशी बोला, गाणी म्हणा, जमिनीवर मोकळं खेळू द्या. घरातल्या या बोलण्या-खेळण्याचा मेंदूच्या वाढीत फार मोठा वाटा आहे.

रक्त चढवायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये 6 ते 23 महिन्यांच्या बाळांसाठी ॲनिमियाची रेषा 11 वरून 10.5 वर आणली. 7 च्या खाली तीव्र समजतात, आणि तिथेही हृदयावर ताण नसेल तर बहुतेक बाळं तोंडावाटेच्या औषधाने सुधारतात. 5.6 वाला तो मुलगाही थेंबांनीच सुधारला. बाळ दूध ओढताना धापा टाकतंय, घामाघूम होतंय, पायांवर सूज आहे, अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत, डोळे पिवळे झालेत, किंवा ते मलूल पडलंय, तर मात्र रात्र असली तरी रुग्णालय गाठा. जंताच्या औषधाचं बरेच जण विचारतात. ते वर्ष पूर्ण झाल्यावरच, फेब्रुवारी-ऑगस्टच्या जंतनाशक मोहिमेत. आता नको.

बाटली कुठे ठेवता हे विचारल्याशिवाय मी कोणाला पाठवत नाही. लोह जास्त गेलं तर ते विष आहे. बाळंतपणानंतर तुम्हालाही लाल गोळ्या मिळाल्या असतील, प्रत्येकीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. तुमच्या लेकीच्या वजनाला तीन गोळ्यांनी त्रास सुरू होऊ शकतो आणि आठ गोळ्या जिवावर बेततात. लाल, गुळगुळीत, गोडसर, गोळीच्या चॉकलेटसारख्या. ती आता रांगते, दोन महिन्यांत उभी राहील. कुलपाच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवा, उशीखाली किंवा फ्रिजवर नको. चुकून गिळल्या तर उलट्या, जुलाब होतात, मग काही तास बाळ बरं वाटतं, आणि त्यानंतर एकदम ढासळतं. त्या मधल्या बऱ्या वाटण्यावर विसंबू नका. पाकीट हातात घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. तुमच्या गोळ्या मात्र तुम्ही घ्या, तुमचंही हिमोग्लोबिन तपासून घ्या.

यापुढे असं करा. चार आठवड्यांनी पुन्हा सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी. हिमोग्लोबिन निदान 1 ने वाढलेलं हवं. वाढलं तर निदान बरोबर, मात्रा बरोबर. नाही वाढलं तर आधी खरं सांगा, किती दिवस चुकले, दुधासोबत दिलं का. मग डॉक्टर थॅलेसेमिया, रक्तस्राव, आतड्यातलं शोषण यांकडे बघतील. दोन-तीन महिन्यांत आकडा 11 च्या पुढे जाईल, गाल गुलाबी होतील, आणि बहुतेक घरांत औषध तिथेच बंद होतं. तेव्हा फक्त रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो, आणि सहा महिन्यांनी तेच बाळ पुन्हा 9 घेऊन येतं. आकडा नीट झाल्यावर आणखी दोन ते तीन महिने तेच औषध त्याच मात्रेत द्या. त्यानंतर आशाताईंचं आठवड्यातून दोनदाचं सिरप, पाचव्या वाढदिवसापर्यंत.

मधल्या काळात तिचं वजन वाढेल आणि मात्राही बदलेल. दर महिन्याला वजन करून बाटलीला चिकटवलेल्या पट्टीवर लिहून ठेवा. 8.5 किलो झाली की 24 चे साडेपंचवीस मिलिग्रॅम होतील.